१८४ परार्धांची उकल

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या मोठ्याने वाचायला घेतली की अब्जापर्यंत जीभ सहज चालते आणि मग अडखळते. खरं तर अडखळायचं कारण नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५०मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकं, दहंपासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत. अठरावं स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्या नावांनी आपली संख्या अशी वाचता येते: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५. संख्या वीस अंकी असल्यामुळे अठरा नावं पुरत नाहीत आणि परार्धांचीच मोजदाद १८४वर जाते.

या संख्येची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्या शहाण्याला राजा म्हणतो, काय हवं ते माग. तो मागतो धान्याचे दाणे. पटाच्या पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दरवेळी दुप्पट, चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा हसून हो म्हणतो आणि त्याची कोठारं रिकामी होतात. तेराव्या शतकातला अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही गोष्ट नोंदवली आहे. तिच्यातला शहाणा सिस्सा आणि राजा हिंदुस्थानचा.

तांदळाचे दाणे धरले आणि एका ग्रॅममध्ये साधारण ४० दाणे मानले, तर ही रास सुमारे ४६,००० कोटी टनांची होते. सगळ्या जगात मिळून वर्षाला ५० कोटी टनांच्या आसपास तांदूळ पिकतो. म्हणजे आजच्या जगाचं साधारण नऊशे वर्षांचं पीक.

गोष्ट इथे संपते आणि ऐकणारा ‘बापरे!’ म्हणून उठतो. मला मात्र वाटतं, पाहण्यासारखं खरं इथून पुढे आहे. मोठेपण हा या संख्येचा सगळ्यात साधा गुण. तिच्यावर आणखी एक शून्य चढवलं की दहापट मोठी संख्या तयार, त्यात कौतुक कसलं? कौतुक तिच्या घडणीचं आहे. ही वीस अंकी संख्या आठवी-नववीच्या बीजगणितातल्या एका सूत्राने कागदावर जवळजवळ पूर्ण उकलता येते. फक्त एका जागी गाठ बसते. ती सोडवायला ऑयलरसारखा गणिती लागला.

शिडी चढताना

आधी संख्या बांधू. एक आणि दोन मिळून तीन, पुढच्या घरात चार. एक, दोन, चार मिळून सात, पुढच्या घरात आठ. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरापेक्षा एकने कमी भरते. म्हणून चौसष्ट घरांची बेरीज ही पटावर नसलेल्या पासष्टाव्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकने कमी, म्हणजे २चा ६४वा घात वजा एक.

आता हा ६४वा घात काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंचे एकूण प्रकार मोजायला वर्गांची युक्ती वापरली आहे. ‘लीलावती’त तीच युक्ती श्रेढीच्या प्रकरणात नीट नियम म्हणून येते. घातांक सम असेल तर निम्मा करा आणि बाजूला ‘वर्ग’ लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. शून्य आलं की खालून वर उलटं चढत या. भास्कराचार्यांचं उदाहरण आहे दात्याचं. पहिल्या दिवशी दोन कवड्या, मग रोज दुप्पट, असं महिनाभर दान करणाऱ्याचे एकूण निष्क किती झाले? कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६, आणि २०,४८० कवड्यांचा एक निष्क या हिशेबाने १,०४,८५७ निष्क भरून वर थोडी चिल्लर उरते.

पटासाठी हा नियम लावून पाहा. ६४चे ३२, ३२चे १६, मग ८, ४, २, १. सहा वेळा ‘वर्ग’, शेवटी एकदा ‘गुण’. आता खालून वर या. २चा वर्ग ४. ४चा वर्ग १६. १६चा वर्ग २५६. २५६चा वर्ग ६५,५३६. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आणि त्याचाही वर्ग केला की पासष्टावं घर हातात. फक्त सहा गुणाकार! अल्-बिरुनीने इ. स. १०००च्या सुमारास पटावरच्या दाण्यांची बेरीज अशाच वर्गांच्या वाटेने काढून ठेवली आहे, शेवटच्या अंकापर्यंत बरोबर.

हीच शिडी आपल्याला उतरायलाही लागणार आहे, म्हणून तिच्या पायऱ्या लक्षात ठेवू: २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६.

शिडी उतरताना

आता अवयव पाडू. शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे ५ने भाग जाणार. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते. तिला ३ने भाग जातो, ९ने जात नाही, म्हणजे संख्येलाही ३ने जातो आणि ९ने जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथवर आणून सोडतात.

पुढचं काम दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र करतं: अ वर्ग वजा ब वर्ग म्हणजे (अ + ब) गुणिले (अ − ब). आपली संख्या ही ४,२९,४९,६७,२९६चा वर्ग वजा १चा वर्ग. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५ यांचा गुणाकार. यातला दुसरा अवयव पुन्हा तशाच रूपात आहे, ६५,५३६चा वर्ग वजा १. त्यातून ६५,५३७ आणि ६५,५३५ निघतात. ६५,५३५मधून २५७ आणि २५५. २५५मधून १७ आणि १५. १५मधून ५ आणि ३. आणि ३ म्हणजे ३ गुणिले १, तिथे उकल थांबते.

म्हणजे संख्या = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

हे अवयव शिडीच्या पायऱ्यांशेजारी ठेवून पाहा. २ आणि ३, ४ आणि ५, १६ आणि १७, २५६ आणि २५७. प्रत्येक पायरीत एक मिळवला की एक अवयव. ज्या सहा वर्गांनी संख्या बांधली, त्याच सहा पायऱ्या तिचे तुकडेही सांगतात. मला या संख्येतलं सगळ्यात सुंदर काही विचाराल तर ते हेच आहे.

अर्धा पट

सूत्राने पहिल्याच घावात संख्येचे दोन भाग केले. त्यातला लहान भाग, ४,२९,४९,६७,२९५, पटावर कुठे दिसतो? तो पहिल्या चार रांगांत, म्हणजे बत्तीस घरांत, मिळून असलेल्या दाण्यांचा आकडा आहे. वजन सुमारे १०७ टन. दहा-अकरा ट्रकांत मावेल इतकं. राजाने पट निम्मा भरेपर्यंत काळजी केली नसेल तर त्याला दोष देता येत नाही.

या अर्ध्या पटाचे अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ आहेत, पाचही मूळ संख्या. त्यांची भूमितीत वेगळीच कीर्ती आहे. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून कोणत्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात, हा ग्रीकांचा प्रश्न. त्रिकोण, पंचकोन, पंधरा बाजूंची आकृती त्यांना जमत होती. पुढे दोन हजार वर्षं कोणी त्यात भर घालू शकलं नाही. ३० मार्च १७९६ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाला एक महिना बाकी असताना, गाऊसला सापडलं की सतरा बाजूंची सुसम आकृतीही काढता येते. पुढे त्याने नियम दिला आणि १८३७मध्ये वांट्सेलने त्याची उलट बाजू सिद्ध केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती या जातीच्या, म्हणजे शिडीच्या पायरीत एक मिळवून येणाऱ्या, वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच आलेली असली पाहिजे. जातीत आजवर हे पाचच सापडले आहेत. पाचांतून निवड करायचे ३१ मार्ग, म्हणून अशा विषम बाजूंच्या ३१ आकृत्या आपल्याला ठाऊक आहेत. त्यातली सगळ्यात मोठी किती बाजूंची? ४,२९,४९,६७,२९५. अर्ध्या पटावर जितके दाणे, तितक्याच बाजू.

योहान गुस्टाव हेर्मेस या जर्मन गणितीने यातल्या ६५,५३७ बाजूंच्या आकृतीच्या रचनेवर दहा वर्षं घालवली. १८९४च्या सुमाराला पूर्ण झालेलं त्याचं हस्तलिखित ग्यॉटिंगेनमध्ये जपून ठेवलं आहे.

गाठ कुठे बसली

राहिला मोठा भाग, ४,२९,४९,६७,२९७. इथे वर्गांची वजाबाकी नाही, एक मिळवलेला आहे. सूत्र चालत नाही. हा तुकडा मूळ आहे की आणखी फुटतो?

फ्रान्समधला पियेर द फर्मा १६४०च्या सुमाराला आपल्या पत्रांतून सांगत होता की या शिडीवर एक मिळवून येणाऱ्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मूळ आहेतच. सहावीही असणार, असं त्याला मनोमन वाटत होतं. १७२९मध्ये गोल्डबाखने पत्रातून हा प्रश्न तरुण ऑयलरपुढे ठेवला. १७३२मध्ये ऑयलरने सांगून टाकलं: या संख्येला ६४१ने निःशेष भाग जातो.

६४१च का? कारण ऑयलरने आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. एखाद्या मूळ संख्येने या तुकड्याला भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येने २च्या घातांना भागत गेल्यावर बाक्यांचं एक चक्र तयार होतं. ३२व्या घाताला बाकी ‘उणे एक’ येते, म्हणून ६४व्या घाताला ‘एक’ येते. चक्र बरोबर चौसष्ट पावलांचं. आणि कोणत्याही मूळ संख्येतून एक वजा केला की येणाऱ्या संख्येला या चक्राच्या लांबीने भाग जावा लागतो. म्हणजे ती मूळ संख्या ६४च्या पटीपेक्षा एकने जास्तच असणार. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त पाच: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर हातात येतं. चक्राचा हा नियम स्वतः फर्मानेच शोधलेला आहे. हत्यार त्याच्याच हातात होतं, आपल्याच आवडत्या अंदाजावर ते चालवायचं राहून गेलं.

६४१ने भाग जातो हे भागाकार न करताही पटवून घेता येतं, आणि इथे पुन्हा तेच शाळेतलं सूत्र कामी येतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा. एक, ६४० + १. दुसरी, ६२५ + १६. दुसऱ्या तऱ्हेतल्या दोन्ही पदांना २च्या २८व्या घाताने गुणा. बेरीज अर्थातच ६४१च्या पटीत. १६ हा २चा चौथा घात आहे, म्हणून त्याचा गुणाकार २चा ३२वा घात होतो. ६२५ हा ५चा चौथा घात आणि २चा २८वा घात म्हणजे १२८चा चौथा घात. पाच गुणिले १२८ म्हणजे ६४०, म्हणून हा गुणाकार ६४०चा चौथा घात होतो. तेव्हा ‘६४०चा चौथा घात अधिक २चा ३२वा घात’ ही संख्या ६४१च्या पटीत आहे. आता ‘६४०चा चौथा घात वजा १’ घ्या. सूत्राने दोनदा फोडली की तिच्यात ६४० + १ हा अवयव निघतो, म्हणून तीही ६४१च्या पटीत. पहिलीतून दुसरी वजा करा. उरतं २चा ३२वा घात अधिक १, म्हणजे आपला तुकडा. दोन पटींची वजाबाकी ही पटच. सिद्ध झालं.

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. दुसरा अवयव मूळ आहे. म्हणून आपल्या संख्येची पुरी उकल अशी:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७.

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची, म्हणून एकूण विभाजक १२८. दुपटीतून जन्मलेल्या संख्येच्या विभाजकांची मोजणीही दुपटीतच येते.

१८१२मध्ये लंडनमध्ये झेरा कोलबर्न नावाचा जेमतेम आठ वर्षांचा अमेरिकन मुलगा लोकांपुढे तोंडी हिशेब करून दाखवायचा. त्यालाही हा तुकडा विचारला गेला. त्याने ६४१ गुणिले ६७,००,४१७ असं मनातल्या मनात काढून सांगितलं. फर्माच्या हातून जे निसटलं ते त्या पोराने पाटीशिवाय पकडलं.

मनोरे आणि मेरू

आपली संख्या आणखी दोन ठिकाणी भेटते. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३मध्ये हनोईच्या मनोऱ्याचं खेळणं बाजारात आणलं. तीन खुंट्या, एकीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, मोठी कधीच लहानीवर ठेवायची नाही. खेळण्याबरोबर काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची गोष्ट जोडली गेली. त्या सगळ्या हलवून झाल्या की जगाचा अंत. चाली किती? एक चकती वाढली की आधीच्या चालींची दुप्पट अधिक एक. १, ३, ७, १५ करत चौसष्टाला आपलीच संख्या येते. सेकंदाला एक चाल या वेगाने सुमारे ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं आहे.

हाच ल्युका ऑयलरच्या चाळणीलाही आणखी बारीक जाळी लावून गेला. अवयव ६४च्या नव्हे, १२८च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो, हे त्याने १८७८मध्ये दाखवलं. मग १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढ्यांतून मूळ संख्या दोनच उरतात आणि दुसऱ्याच फेरीत ६४१ सापडतो. ६७,००,४१७ मूळ आहे हे तपासायलाही याच जाळीतल्या वीस संख्या पाहिल्या की पुरे.

दुसरी जागा आपल्या घरची. पिंगलावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार समजावून सांगितला. शिखरावर १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. प्रत्येक अंक वरच्या दोघांची बेरीज. आता विषम अंकाच्या जागी १ आणि सम अंकाच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ संगणकाच्या द्विमान पद्धतीने वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१ म्हणजे १, ३, ५, १५, १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७. हे तर आपल्याच अवयवांचे गुणाकार! वहीत आठ-नऊ ओळी मांडून स्वतः पाहावं असं हे आहे. शिखराची ओळ सोडली तर पुढच्या ३१ ओळी गाऊसच्या ३१ आकृत्यांच्या बाजू ओळीने सांगतात. आणि चौसष्टाव्या ओळीतले चौसष्ट अंक सगळेच्या सगळे विषम निघतात. चौसष्ट एकांची ही ओळ म्हणजे १८४ परार्धांची आपली संख्या. संगणकाच्या चौसष्ट खणांत मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्याही हीच.

कुलूप

वीस अंकी संख्या आपण कागदावर उकलली, म्हणून कोणतीही मोठी संख्या अशीच उकलेल असं समजू नये. हिची घडण नियमबद्ध होती, म्हणून ती उलगडली. दोन प्रचंड मूळ संख्या स्वैरपणे निवडून त्यांचा गुणाकार केला तर शिडीही नसते आणि सूत्रही चालत नाही. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७मध्ये याच अडचणीचं गुप्त संदेशांसाठी कुलूप केलं. ते आरएसए म्हणून ओळखलं जातं. त्यासाठी जाहीर केलेल्या आव्हानांपैकी २५० अंकांची संख्या फोडायला २०२० साल उजाडलं, तेही असंख्य संगणक जुंपून. आज नेहमी वापरात असलेली संख्या ६१७ अंकांची असते.

या कुलपातही आपली एक जुनी ओळखीची बसलेली आहे. आरएसएने केलेली डिजिटल सही खरी आहे का हे तपासताना सहीच्या शेकडो अंकी संख्येचा एक ठरलेला घात काढावा लागतो, आणि तो घातांक बहुतेक ठिकाणी ६५,५३७ असतो. तोच का, याचं उत्तर ‘लीलावती’च्या नियमाने काढून पाहा. ६५,५३७ विषम, एक वजा करा, ‘गुण’. ६५,५३६ सम, निम्मे करा, ‘वर्ग’. मग ३२,७६८, १६,३८४, ८,१९२ असं निम्मं-निम्मं करत सोळा वेळा फक्त ‘वर्ग’च येतो आणि आपण एकावर पोहोचतो. म्हणजे ६५,५३७ वेळा गुणण्याऐवजी सोळा वर्ग आणि एक गुणाकार. आरएसएची सही आली की खिशातला फोन ही उभी ओळ पापणी लवायच्या आत पुरी करतो.

पट भरायला निघालेल्या राजाच्या कोठारात तेवढे दाणे कधीच नव्हते. पण ज्या सहा वर्गांनी ते मोजले, ते एका पानावर मावतात, आणि त्याच पानावर उरलेल्या जागेत त्या संख्येचे सातही अवयव मावतात.